घरातलं झाड मान टाकतं तेव्हा: आधी मुळं बघा, मग पाणी

कोमेजलेलं झाड दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. माझाही जायचा, आणि माझी पहिली पीस लिली त्यातच गेली. एका सकाळी तिची सगळी पानं कुंडीच्या कडेवरून खाली लोंबत होती. तहानली असेल असं वाटून मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पानं आणखी खाली आली, मी आणखी पाणी घातलं. चौथ्या दिवशी देठ बुडाशी मऊ लागले आणि जरासं ओढताच अख्खं झाड हातात आलं. खाली मुळं उरलीच नव्हती, नुसता काळा, कुबट वासाचा चिखल होता.

पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मान का टाकतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन त्यांना लागतो. त्या पोकळ्या दिवसचे दिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या तर ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचतच नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे 10,000 पट हळू पसरतो. गुदमरलेली मुळं मरतात, मेलेल्या मुळांवर पिथियम आणि फायटोफ्थोरासारखे कुजवणारे सूक्ष्मजीव चढतात, आणि मग पाणी शोषून घ्यायला खाली कोणी राहत नाही. वर पानं सुकतात. म्हणजे जास्त पाण्याचं आणि कमी पाण्याचं झाड वरून दिसायला जवळपास सारखंच. फरक खाली असतो. म्हणून झाड आजारी दिसलं की पहिला दिवस फक्त बघण्याचा ठेवा. पाणी, खत, फवारणी, ऊन यातलं काहीही करू नका.

झाडात जीव आहे का?

सगळी पानं गळून गेली म्हणजे झाड मेलंच असं नाही. खोडावर किंवा फांदीवर नखाने साल अगदी हलकी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर त्या जागेखाली दोन-तीन बोटं सरकून पुन्हा खरवडा, हिरवं लागेपर्यंत खाली या. जिथे हिरवं लागलं त्याच्या खाली एखादा डोळा असेल तर तिथून फुटवा येऊ शकतो. मनीप्लांट, सिंगोनियम, रबर प्लांट, ड्रॅसिना या झाडांना ही परीक्षा लागू पडते.

स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला खरवडण्यासारखं खोड नसतं. त्यांचा जीव मातीखालच्या गड्ड्यात असतो. तो दाबून बघा. टणक असेल तर वरची सगळी पानं गेली तरी आशा आहे. बोटाखाली दबला आणि त्यातून पाणी आलं, तर तो भाग गेला.

माती काय सांगते

मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. वरची माती बघून ठरवू नका. विशेषतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असलेल्या मिश्रणात वरचा थर दोन दिवसांत फिकट, कोरडा दिसतो आणि खाली चांगली ओल असते. या एका फसगतीने किती झाडं जात असतील! कुंडी खोल असेल तर लाकडाची बारीक काडी तळापर्यंत खोचा, दहा मिनिटांनी काढा. काडी ओली होऊन माती चिकटली असेल तर खाली पाणी आहे.

कुंडी उचलून बघायचीही सवय लावा. पाणी दिल्या दिल्या एकदा उचला, माती सुकल्यावर एकदा उचला. आठ-दहा वेळा असं केलं की हाताला वजन कळू लागतं आणि बोट घालायचीही गरज उरत नाही.

त्यातच कुंडीच्या तळाला भोक आहे का, ते उघडं आहे का, बशीत पाणी साचून आहे का, हेही बघून घ्या. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत आतली कुंडी ठेवलेली असेल तर ती वर काढा. मधल्या जागेत दोन बोटं पाणी साचलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

कुंडीतून बाहेर काढा

नवखी माणसं हेच टाळतात, आणि खरा उलगडा तर इथेच होतो. झाड कुंडीतून काढल्याने मरेल ही भीती मनातून काढून टाका. हळुवारपणे काढलेलं झाड अर्धा तास बाहेर सहज राहतं.

एक हात मातीवर पसरा, खोड दोन बोटांच्या मध्ये येऊ द्या. कुंडी आडवी करा, दुसऱ्या हाताने कडेवर थापट्या मारा, आणि झाड ओढण्याऐवजी कुंडीच मागे सरकवा. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाजूने दाबत फिरवली की गोळा सुटतो. मुळं अडकली असतील तर कडेने पातळ सुरी फिरवा.

आता वास घ्या. निरोगी मुळांच्या गोळ्याला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या मुळांना साचलेल्या डबक्याचा वास येतो आणि तो एकदा घेतला की विसरत नाही. मग बोटांनी तपासा. चांगली मुळं पांढरी, मळकट पांढरी किंवा फिकट तपकिरी असतात आणि हाताला टणक लागतात. सडलेली मुळं काळपट, बुळबुळीत. शंका असेल तर मुळाचं टोक चिमटीत धरून ओढा: वरचं आवरण मोज्यासारखं निघून आलं आणि आत दोऱ्यासारखी शीर राहिली, तर ते मूळ मेलेलं आहे. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. ड्रॅसिनाची मुळं मुळातच नारिंगी असतात, स्नेक प्लांटचीही पिवळसर-नारिंगी. ती कापून टाकू नका.

इथून पुढे वाटा वेगळ्या होतात.

मुळं सडली असतील तर

मातीचा गोळा हाताने मोकळा करा आणि मुळं साध्या, फार गार नसलेल्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन घ्या. कात्री 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सडलेली मुळं निर्दयपणे कापा, टणक भाग लागेपर्यंत. अर्धवट सडकं मूळ दयेने ठेवलं तर सड पुढे सरकते. गड्डा असलेल्या झाडात मऊ भाग कापल्यावर आतला छेद स्वच्छ आणि एका रंगाचा दिसायला हवा. तपकिरी ठिपके दिसले तर आणखी एक चकती काढा. दर दोन-चार कापांनंतर कात्री पुन्हा पुसा.

रबर प्लांटचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते. डिफेनबेकिया, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, पीस लिली यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते तोंडाला आणि डोळ्यांना झोंबतात. हातमोजे घाला, आणि कापलेले तुकडे लहान मुलांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या हाती लागू देऊ नका.

अर्ध्याहून जास्त मुळं गेली असतील तर पानंही कमी करावी लागतात, कारण उरलेली मुळं तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकणार नाहीत. सुमारे एक तृतीयांश पानं काढा, त्यातही आधी पिवळी आणि बुडाजवळची जुनी. सगळी पानं काढू नका. नवी मुळं करायला लागणारं अन्न पानांतूनच येणार आहे.

कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, आधीच्या झाडाच्या मापाची नको. मुळांच्या झुपक्याभोवती चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जागा पुरे. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत अशी माती खूप राहते, ती ओली ती ओलीच राहते आणि सड परत येते. जुनी कुंडी वापरायची तर साबणाने घासून धुवा. जुनी माती मात्र पुन्हा वापरू नका.

नवं मिश्रण मोकळं हवं. पानांच्या झाडांसाठी मी एक भाग बागेतली माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू घेते. कोरफड, जेड, स्नेक प्लांट यांच्यासाठी वाळू-पर्लाइटचा वाटा निम्म्यावर नेते. मूठभर ओलं मिश्रण घट्ट दाबून सोडा. बोट लावताच ते विस्कटलं पाहिजे. लाडवासारखं टिकून राहिलं तर आणखी वाळू घाला. तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घातल्याने पाणी चांगलं निघतं, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते मातीच्या थराच्या बुडाशीच अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती अडवायला जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं बास.

लावल्यावर एकदा पूर्ण पाणी द्या, खालून निथळू द्या, बशी रिकामी करा. कोरफडीसारख्या मांसल झाडांना मात्र कापलेल्या जागा सुकायला दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवून मग लावा आणि पाणी आणखी आठवड्याने द्या. मुळांना कसलीही पूड लावायची गरज मला कधी वाटली नाही. सडका भाग पूर्ण निघणं आणि माती मोकळी असणं, एवढ्यावर सगळं असतं.

माती कोरडी ठणठणीत असेल तर

हे तुलनेने सोपं आहे. फार सुकलेलं कोकोपीट किंवा पीट पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या आणि कुंडीच्या फटीतून सरळ खाली जातं, बशी भरते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. आपल्याला मात्र पाणी भरपूर दिल्यासारखं वाटतं. अशी कुंडी बादलीत, कडेच्या थोडं खालीपर्यंत पाणी येईल अशी, 30 ते 45 मिनिटं ठेवा. बुडबुडे येणं थांबलं की बाहेर काढा आणि पूर्ण निथळू द्या. तहानलेली पीस लिली काही तासांत उभी राहते. कडक झालेले, चुरचुरीत तपकिरी भाग मात्र परत हिरवे होत नाहीत.

मुळं ठीक आहेत, मग काय बिघडलं?

मुळं गोलगोल फिरून कुंडीच्या आकाराची जाळी झाली असेल आणि माती जवळपास दिसतच नसेल, तर झाडाला जागा उरलेली नाही. बाहेरची मुळं बोटांनी मोकळी करा, दोन-तीन ठिकाणी उभे छेद द्या आणि फक्त एक माप मोठ्या कुंडीत लावा.

मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसत असेल आणि पानांची टोकं करपत असतील, तर खताचे आणि पाण्यातले क्षार साचले आहेत. वरचा थर खरवडून काढा आणि कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट साधं पाणी हळूहळू मातीतून वाहून जाऊ द्या. ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट पाण्यातल्या फ्लोराइडनेही टोकांशी करपतात. त्यांना शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

पानं कुठली पिवळी पडतात हे नीट बघा. खालची, जुनी पानं एकसारखी फिकट होत असतील तर नायट्रोजन कमी पडत असण्याची शक्यता आहे, कारण झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. लोह तसं हलवता येत नाही. त्यामुळे ते कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पण अधूनमधून बुडाचं एखादं म्हातारं पान पिवळं होऊन गळत असेल आणि शेंडा जोमदार असेल, तर झाडाला काही झालेलं नाही.

उजेडाबद्दल डोळ्यांवर विसंबू नका

घरात आपल्याला जे लख्ख वाटतं ते झाडाला अंधारं असू शकतं, कारण आपले डोळे कमी उजेडाशी लगेच जुळवून घेतात. भर उन्हात सुमारे 1,00,000 लक्स उजेड असतो. घराच्या आतल्या कोपऱ्यात तो शे-दोनशे लक्सवर येतो आणि आपल्याला तिथे पुस्तकही वाचता येतं. भर दुपारी झाडाच्या वर फूटभर अंतरावर तळहात धरा. पानांवर हाताची रेखीव सावली पडली तर उजेड भरपूर, धूसर पडली तर मध्यम, सावलीच नसेल तर तिथे झाड फक्त तग धरून आहे.

पेरांमधलं, म्हणजे पानं जिथून फुटतात त्या गाठींमधलं, अंतर वाढत जाणं, नवी पानं जुन्यांहून लहान येणं, सगळं झाड खिडकीकडे झुकणं, ही कमी उजेडाची लक्षणं. कमी उजेडात झाड पाणीही कमी पितं. त्यामुळे तेच वेळापत्रक ठेवून पाणी दिलं की मुळं सडतात. जास्त पाण्याची अनेक दुखणी मुळात कमी उजेडाची असतात.

तरी आजारी झाड एकदम उन्हात नेऊ नका. खिडकीजवळ, थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. सावलीत वाढलेलं पान अचानक उन्हात गेलं की त्यावर पांढरट, भाजल्यासारखे डाग पडतात. फायकस बेंजामिना तर नुसती जागा बदलली तरी पानं गाळतो. म्हणून जागा एकदाच, विचार करून बदला. एसीचा झोत अंगावर येईल अशी जागा टाळा.

कीड

पान उलटं करा, पेरांचे खोबण बघा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे मिलीबग. देठावर तपकिरी खवले चिकटलेले आणि पान चिकट, तर खवले कीड. पानावर बारीक फिकट ठिपके आणि पेरात जाळं, तर लाल कोळी. खात्री करायची तर पांढऱ्या कागदावर पान झटका. हलणारे ठिपके दिसतील. मातीवर उडणारी बारीक चिलटं सतत ओल्या राहणाऱ्या मातीची खूण असतात. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती दर वेळी सुकू दिली की त्यांची पैदास थांबते.

कीड असलेलं झाड लगेच इतरांपासून दूर ठेवा. मिलीबग आणि खवले 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक करून पुसा. मग पानं खालूनवरून पाण्याने धुवा. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रवसाबण मिसळा, त्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल घालून खूप हलवा आणि संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर फवारून दोन दिवस बघा. अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत, म्हणून दर सात दिवसांनी, निदान तीन-चार वेळा फवारायलाच हवं. दुसऱ्या वेळेला कीड दिसेनाशी होते, आपण थांबतो, आणि महिन्याने ती दुप्पट होऊन परत येते.

मुळं कापलेल्या झाडावर मात्र त्याच दिवशी फवारणी करू नका. कीड कापसाने काढा, फवारणी आठवड्याने सुरू करा.

पुढचे सहा आठवडे

खत देऊ नका. कापलेल्या मुळांना खतातले क्षार पोळतात, आणि झाड वाढत नसताना ते खत वापरणार तरी कोण? पाणी बोट किंवा वजन सांगेल तेव्हाच. पानं फारच लोळत असतील तर झाडावर पारदर्शक पिशवी सैल घाला म्हणजे पानांतून पाणी कमी उडेल, पण रोज थोडा वेळ काढून हवा खेळू द्या.

पहिल्या दोन आठवड्यांत आणखी दोन-चार पानं पिवळी पडतील. याच टप्प्यावर लोक घाबरतात आणि पुन्हा जागा बदलतात, पाणी वाढवतात, कुंडी बदलतात. घाबरू नका, ते झाड आपला पसारा मुळांच्या बेताला आणतंय. शेंड्याकडे लक्ष ठेवा: शेंडा टणक आणि हिरवा असेल तर सगळं ठीक चाललंय. शेंडाच काळा पडू लागला किंवा खोडाचं बूड मऊ झालं, तर पुन्हा कुंडीतून काढून बघावं लागेल. मुळं कसं करतायत हे बघायला मात्र रोज उकरू नका, नव्या मुळांचे केसासारखे बारीक तंतू त्यात तुटतात.

नवं पान यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. झेडझेडला महिनोन् महिने लागू शकतात. दोन नवी पानं पूर्ण उघडली की खत सुरू करा, पाकिटावर लिहिलं असेल त्याच्या अर्ध्या प्रमाणात, आणि तेही ओल्या मातीत.

मुळं एकही उरली नाहीत तर

तेव्हा मूळ झाडाच्या मागे लागण्यापेक्षा त्याची फांदी वाचवा. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन यांचा निरोगी तुकडा पेराच्या खाली एक सेंटिमीटरवर कापा. किमान एक पेर पाण्यात बुडायला हवं, कारण मुळं पेरातूनच फुटतात. नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलं तर ते महिनाभर हिरवं राहील, पण त्याची वेल होणार नाही. पाण्यात पान बुडू देऊ नका, दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात, ती बोटाएवढी लांब झाली की मातीत लावा आणि पहिला आठवडा माती किंचित ओलसर ठेवा.

स्नेक प्लांटचं टणक पान बोटभर लांबीच्या तुकड्यांत कापून, दोन दिवस सुकवून, वाळूमिश्रित मातीत खोचता येतं. खालची बाजू खालीच राहू द्या, उलटा खोचलेला तुकडा मुळं धरत नाही. कापताना खालच्या टोकाला खूण करून ठेवा. पिवळ्या काठाच्या जातीचं पान असं लावलं तर येणारी रोपं साधी हिरवी येतात. पिवळा काठ टिकवायचा असेल तर गड्ड्याचा एखादा टणक तुकडा, डोळ्यासकट, वाचतो का ते आधी बघा.